उत्तराचा पाट

मी उत्तराचा पाट बोलतोय. कल्याणच्या भिवा सुतारानं मला सागाच्या फळीतून घडवलं आणि चारी कोपऱ्यांवर पितळी फुलं ठोकली. त्या फुलांचा मला जरा ताठा आहे, तेवढा सोसून घ्या. भाऊ आणि सुमतीबाईंनी डोंबिवलीत बिऱ्हाड थाटलं, तेव्हा मी त्यांच्या घरी आलो. आणला होता पाहुण्यांसाठी, पण त्यांची लेक उत्तरा एकदा माझ्यावर बसली ती दुसऱ्या कुणाला बसू देईना.

माणसाचं मन म्हणे तोंडावर दिसतं. मला ते बसण्यावरून कळतं. उत्तरा ऐसपैस मांडी घालायची आणि ताकभात संपेपर्यंत डुलत राहायची.

ती चौथीत जाणार त्या उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला. ताप एकविसाव्या दिवशी उतरला, पण केस पुंजक्यांनी गळले आणि उरलेले कापावे लागले. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा ते जेमतेम चार बोटं वाढले होते. शेजारच्या गोदूबाई म्हणाल्या, "गंगावन लावा हो तिला. झाकली मूठ सव्वा लाखाची." सुमतीबाईंनी आपल्या गळलेल्या केसांचं एक गंगावन करून ठेवलं होतं. ती खोटी वेणी त्यांनी मोठ्या मायेनं लेकीच्या केसांना बांधली आणि वर रिबिनीचं फूल काढलं.

दुसऱ्या दिवसापासून उत्तरा माझ्या कडेला अंग चोरून बसू लागली. एका हातानं भात चिवडायची, दुसरा हात डोक्यामागे. भाऊ म्हणाले, "नखरे वाढलेत हिचे." सुमतीबाईंना वाटलं, आजारानं तोंडाची चव गेली असेल. पोरगी भ्यालीय, हे मला कळत होतं.

पाचव्या दिवशी ती वेणीशिवाय घरी आली. वर्गातल्या सरोजनं गंगावन ओढून काढलं होतं, आणि "टकली, टकली" म्हणत मुलींनी ते मधल्या सुट्टीभर एकमेकींकडे फेकलं होतं.

"मी शाळेत जाणार नाही," उत्तरा म्हणाली.

"राहू दे घरी," भाऊ म्हणाले. "केस वाढले की पुढच्या वर्षी बघू."

मला धडकीच भरली. गोदूबाईंच्या रतनलाही असंच 'पुढच्या वर्षी' म्हणून घरी बसवलं होतं. ते वर्ष काही उजाडलं नाही, आणि रतन अजून चुलीपुढेच होती.

 सुमतीबाई लेकीसमोर जमिनीवर बसल्या.

"चूक माझी झाली गं. तुझ्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. मी लपवलं, म्हणून त्यांना ओढायला सापडलं."

उत्तरा तेव्हा कुठे रडली. रडू दिलं तिला, आणि मग सुमतीबाईंनी तिला माझ्यावर उभं केलं. "आता मी सरोज. काय गं टकले?"

उत्तरानं मान खाली घातली.

"काय गं टकले, वेणी कुठंय?" त्यांनी असं काही नाक मुरडलं की उत्तराला हसू फुटलं.

"आजारी होते," ती पुटपुटली.

"मला नाही ऐकू आलं."

"आजारी होते. बरी झाले. केस येतायत." या वेळी तिचे पाय माझ्यावर घट्ट रोवलेले होते.

"आणि तिनं हात लावला तर?" उत्तरानं विचारलं.

"तर बाईंना सांगायचं. ती चहाडी नव्हे. उद्या मीच येत्ये त्यांना भेटायला, तुझ्यादेखत."

दारात उभे असलेले भाऊ हळूच म्हणाले, "उद्या उशिरा जातो कचेरीत. मीही येतो."

सरोज काही एका दिवसात शहाणी झाली नाही. बाईंनी तिला समज दिली, तरी ती चिडवायची. उत्तरा तीच तीन वाक्यं सांगून पुढे जायची. सुमतीबाई रोज दुपारी विचारायच्या, "आज काय झालं?" आणि हातातलं काम ठेवून ऐकायच्या. श्रावणात एकदा उत्तरानं पुन्हा भात मागितला, तेव्हा सुमतीबाईंनी एकाऐवजी दोन डाव वाढले.

यंदा ती मॅट्रिकला बसतेय. माझा एक पाय मोडलाय, माझ्यावर आता लोणच्याची बरणी असते. तक्रार नाही. एवढंच सांगतो, तुमचं लेकरू जेवताना अंग चोरून बसलं, तर जवळ बसा आणि विचारा. त्या पाच दिवसांत मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हांला आहे.