अठराव्या ओळीतलं शटर

दिपमाला लहानपणापासून बोलताना अडखळायची. 'द' आणि 'प' या अक्षरांवर जीभ अशी अडायची, की स्वतःचं नाव आणि पहूर हे गावाचं नाव, दोन्ही सांगताना घाम फुटायचा. जळगावच्या डाळ मिलमध्ये माल रवाना करायच्या टेबलावर ती लागली, तेव्हा तिने मिलमालक अनुजशेठना एकच गोष्ट मागितली: फोन दुसऱ्या कुणाला द्या, मेल सगळे मी लिहीन.

आणि लिहायचीही तशी. विषयाच्या ओळीतच काम कळायचं. खाली गाडीचा नंबर, पोती किती, पोहोचणार कधी, समोरच्याने काय करायचं. संपलं.

मिलचं धुळ्याचं गोदाम सांभाळणारे जीवरामनाना मात्र जुन्या वळणाचे. त्यांच्या मेलला विषयच नसायचा. आधी 'सप्रेम नमस्कार', मग धुळ्याचं ऊन, मग हमाल अभिमनच्या मुलीचं ठरलेलं लग्न. मार्चमधल्या एका सोमवारी असाच मेल आला. गोदामाचं शटर मोडलंय, दोन दिवस गाडी पाठवू नये, हे अठराव्या ओळीत होतं. दिपमालाने पाचव्या ओळीवरच वाचणं सोडलं. गाडी गेली, आणि ड्रायव्हर दोन दिवस बंद शटरसमोर उन्हात बसून राहिला.

अनुजशेठ तिच्या टेबलाशी आले. "धुळ्याला जा. तिथल्या लोकांना मेल लिहायला शिकव."

ते समोर उभे असतानाच तिने टाइप केलं, 'मला चारचौघांत बोलता येत नाही.'

त्यांनी स्क्रीनवर वाचलं. "माहितेय. नानांनीच तुझं नाव सुचवलंय. तुझे मेल एका नजरेत कळतात म्हणे."

बसमध्ये पारोळ्यापर्यंत ती पहिलं वाक्य घोकत होती. गोदामात नाना, कारकून भूपेंद्र आणि आवक बघणारी कामिनी खुर्च्या मांडून बसले होते.

"मी दि... दि..."

भूपेंद्र खाली बघू लागला. नाना म्हणाले, "आम्हले काही घाई नई शे, माय. सावकाश बोल."

नाव काही पुरं झालं नाही. ते सोडून तिने सोमवारच्या मेलचा कागद नानांच्या हातात दिला. "वा... वाचा. आम्ही काय करायचं, ते आलं की थांबा."

नाना मोठ्याने वाचू लागले. ऊन झालं, लग्न झालं. दहाव्या ओळीला कामिनीने हसू लपवायला ओढणी तोंडावर धरली. अठराव्या ओळीला नाना आपणहून थांबले. त्यांनी चष्मा काढला.

"तो ड्रायव्हर आठेच, शटरसमोर बसेल व्हता. माले वाटनं, तुम्ही मुद्दाम गाडी धाडी."

"नाही, नाना." आता अक्षर अडत नव्हतं, तरी शब्द निघायला वेळ लागला. "मी मेल शेवटपर्यंत वाचलाच नव्हता."

मग कामिनी उठून चहा सांगून आली.

चहानंतर दिपमालाने प्रत्येकाला तोच मेल नव्याने लिहायला लावला. भूपेंद्रचा तीन ओळींत झाला. नानांनी दोनदा खोडलं आणि पेन ठेवून दिलं. "पन पोरी, नुसतं कामनंच लिखं तर समोरना मानूसले वाटी, आम्ही त्याले वळखतच नई."

तिच्या स्वतःच्या मेलमध्ये आजवर कुणाची विचारपूस नव्हती. नानांचा खोडलेला कागद पुढे ओढून ती म्हणाली, "काम वर लिहा. बाकीचं खाली. प... पण लिहा."

संध्याकाळी नाना तिला बसस्टँडवर सोडायला आले. जागा मिळेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले.

त्यानंतर धुळ्याची एकही गाडी अशी अडकली नाही. नाना विषय लिहायला शिकले, पण मेल काही आखूड झाले नाहीत. भूपेंद्र तेच दोन ओळींत वेगळं पाठवतो. दिपमाला त्याचा मेल वाचून गाडी लावते, आणि जेवणाच्या सुट्टीत नानांचा मेल शेवटपर्यंत वाचते. अभिमनच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा तिने उत्तरात आवर्जून विचारलं, जावई काय करतो?