खुंटीवर राहिलेली रिंग

मित्रांनो, मी तीन लिटरचा एक जुना कुकर आहे. माझ्या बुडाला पोचा आहे, दांडीचा एक स्क्रू हलतो आणि स्वभाव जरा तापट आहे. त्याला माझा इलाज नाही.

वाराणसीत चौकातल्या दुकानातून मी रामघाटावर शिवरामशास्त्रींच्या घरी आलो. शास्त्रीबुवा वेदपाठशाळेत शिकवतात. त्यांच्या पत्नी इंदूबाईंनी वीस वर्षं माझ्यात वरणभात लावला. "हा कधी दगा देत नाही," असं त्या शेजारणींना सांगत, तेव्हा माझी शिट्टी जरा जास्तच जोरात होई. त्यांची एक सवय होती. मला धुतलं की झाकणातली रबरी रिंग काढून त्या खुंटीला अडकवत. ती सैल पडू नये म्हणून.

मागच्या वर्षी त्यांची मुलगी कस्तुरी बँकेतून रजा काढून एका तुकडीबरोबर हिमालयातल्या बारा दिवसांच्या पायवाटेवर निघाली. पाठीवर सामान घेऊन एक उंच खिंड ओलांडायची होती. शास्त्रीबुवाही तयार झाले. चाळीस वर्षं ते हिमालयाची वर्णनं शिकवत होते, पण स्वतः कधी बर्फ पाहिला नव्हता.

"कुकर घेतलास तर येतो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हातचं मला चालत नाही, तुला मालूम आहे."

"बाबा, किती वजन आहे त्याचं!" कस्तुरी हसली. पण इंदूबाईंनी माझ्यात तांदूळ आणि मुगाची डाळ भरली आणि मी कस्तुरीच्या सॅकमध्ये गेलो. मला फार अभिमान वाटला. तिकडे उंचावर पाणी लवकर उकळतं, पण कुकरशिवाय डाळ शिजत नाही.

पहिले तीन दिवस शास्त्रीबुवांनी दुधात भिजवलेल्या दशम्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी तंबूपाशी मला उघडलं. तांदूळ होते, डाळ होती. रिंग नव्हती. ती रामघाटावर खुंटीलाच राहिली होती.

त्यांनी तसंच झाकण लावलं. चहूबाजूंनी वाफ निघून गेली. शिट्टी नाही, काही नाही. तांदूळ टणक राहिले. मित्रांनो, मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

त्यांच्या तुकडीचा स्वयंपाकी बचनसिंह पहाडी माणूस होता. त्याने आपल्या मोठ्या कुकरची रिंग आणून पाहिली, पण ती मला बसेना. "गुरुजी, हमारा खाना खा लीजिए," तो म्हणाला. शास्त्रीबुवांनी नकारार्थी मान हलवली आणि सत्तू, म्हणजे भाजलेल्या चण्याचं पीठ, पाण्यात कालवून खाल्लं. पाचव्या दिवशीही सत्तूच. संध्याकाळी त्यांचे पाय लटपटू लागले. उद्या खिंड होती.

"बाबा, आपण परत फिरू," कस्तुरी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. शास्त्रीबुवा समोरच्या बर्फाकडे बघत राहिले.

बचनसिंह उठला. त्याने आपला कुकर रिकामा केला, ओढ्यावर नेऊन तीनदा घासला आणि त्यांच्यापुढे ठेवला. गार पाण्याने त्याचे हात लाल झाले होते.

"आप अपने हाथ से बनाइए, गुरुजी. हम सब बाद में खा लेंगे."

मागे तुकडीतली दहा माणसं उपाशी थांबली होती. शास्त्रीबुवांनी त्या हातांकडे पाहिलं आणि पंच्याने डोळे पुसले.

"नहीं भैया. तुम बनाओ. उसी में हमारा भी एक मुट्ठी डाल दो."

त्या संध्याकाळी ते दोनदा मागून जेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी खिंडीत उभे राहिले, तेव्हा बर्फ हातात घेऊन लहान मुलासारखे हसले. मीही सॅकमध्ये होतो. दुसऱ्या कुकरने माझं काम केलं याचा मला थोडा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

घरी आल्यावर सगळा दोष माझ्यावर आला. इंदूबाईंनी मला माळ्यावर टाकलं. आठ महिने मी तिथे धूळ खाल्ली.

मग थंडीत बचनसिंह काशी पाहायला आला. शास्त्रीबुवांनी स्वतः स्टुलावर चढून मला खाली काढलं. "आज ह्याच्यातच भात लावा," ते इंदूबाईंना म्हणाले. रिंग बसली आणि मी दणकून शिट्टी दिली. शास्त्रीबुवांनी बचनसिंहाला आपल्या हाताने वाढलं आणि त्याच्या शेजारी पाट मांडून बसले.

मित्रांनो, कुकर धुतलात की त्याची रिंग त्याच्याजवळच ठेवा. आणि कोणी गारठलेल्या हातांनी तुम्हाला जेवायला बोलावलं, तर हो म्हणायला दोन दिवस लावू नका.