जेलीतले खड्डे

सून प्रयोगशाळेत माणसांच्या पोटातले जिवाणू वाढवायची, तेही समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीवर. नमुन्यांत एक सासूबाईंचाही होता. त्या किनाऱ्यावरचं शेवाळ लहानपणापासून कच्चंच चावून खायच्या. त्यांच्या नमुन्याच्या प्लेटमधल्या जेलीला खड्डे पडले, तेव्हा सुनेनं ती नासली म्हणून फेकली आणि घरी येऊन तोंडाचा पट्टा सोडला, "आई, ते बिनधुतलं शेवाळ आजपासून बंद! पोटात काय घाण भरलीय कोण जाणे."

"बरं बाई," सासूबाई ओशाळल्या. पुन्हा त्यांनी शेवाळाला हात लावला नाही.

त्या गेल्यावर वर्षभरानं दुसऱ्या एका म्हातारीच्या प्लेटमध्ये तसेच खड्डे दिसले. सून ती फेकणार, तोच साहेबांनी हात धरला.

"अहो, नासली कसली? हे जिवाणू जेलीच खातायत! कच्च्या शेवाळावरच्या समुद्री जिवाणूंकडून पोटातल्यांनी ही विद्या उचलली असणार. आपल्याला नाही पचत, हिला शेवाळ पचतं. असं पोट लाखात एक!"

सुनेला सासूबाईंची फेकलेली प्लेट आठवली. त्यांच्या शेवटच्या आजारपणात तिनं विचारलं होतं, "आई, काही खावंसं वाटतंय का?"

सासूबाई जरा घुटमळल्या होत्या. मग म्हणाल्या, "नको गं, तू रागावशील."