दंडातला तिसरा गोल

मी एक जुनं सोनोग्राफी यंत्र आहे. धुळ्याच्या एका दवाखान्यात, अतिदक्षता विभागात माझा मुक्काम असतो. पडदा काळा-पांढरा, एक चाक वाकडं आणि बोलणं, मित्रांनो, जरा तिखट. तेवढं चालवून घ्या.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा थाट विचारू नका. हायवेवरच्या अपघातातले जखमी आले की पहिली हाक मला. पोटात रक्त साठलंय का, हे मी क्षणात दाखवायचो. मग रंगीत पडद्याचं नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी सलाईनच्या खोक्यांमागे झाली. कोणीतरी माझ्यावर ओला ॲप्रनसुद्धा वाळत घातला. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

तिथून मला बाहेर काढलं विभागप्रमुख भूपेंद्रसरांनी. शिकाऊ डॉक्टरांना शिरेत नळी घालायला शिकवताना त्यांना मीच हवा असे. "नवं यंत्र रक्त रंगवून दाखवतं, मग पोरं नुसते रंग बघतात," ते म्हणायचे. "याच्यावर डोकं चालवावं लागतं." म्हाताऱ्याला याहून मोठी शाबासकी कुठली?

पाचोऱ्याची मृणाली त्यांच्याकडे शिकायला आली. हुशार, पण हात भारी जड. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा माझा डोळा, ती असा दाबून धरायची की माझाच जीव गुदमरायचा.

एके सकाळी सोनगीरच्या धुरपदाबाई खाटेवर होत्या. पायाच्या हाडात पू झालेला, सहा आठवडे शिरेतून औषध द्यायचं होतं. हातावरच्या शिरा सुया टोचून टोचून संपल्या होत्या. म्हणून दंडातल्या खोल शिरेत लांब नळी घालायचं ठरलं. त्या शिरेला खेटूनच मज्जातंतू जातो. त्याला सुई लागली तर अंगठा आणि बोटं बधिर होऊ शकतात.

मृणालीने हे समजावून सांगितलं तेव्हा बाईंनी आपल्या बोटांकडे पाहिलं. आसपासच्या गावांतल्या लग्नांत खापरावरचे मांडे त्याच करायच्या. कणकेचा उंडा दोन्ही हातांवर झेलत पातळ करत न्यायचा, तो सगळा बोटांचा खेळ.

"पाय लंगडा ऱ्हायना तरी चाली जाई," त्या म्हणाल्या, "पन हात ऱ्हाऊ दे व माय."

मृणालीने दंडावर प्रोब टेकवला. माझ्या पडद्यावर दोन गोल उमटले. एक धडधडत होता. ती धमनी, हे तिने बरोबर ओळखलं. दुसरा स्थिर होता. "म्हणजे ही शीर," ती म्हणाली आणि तिने सुई उचलली.

माझा जीव टांगणीला लागला. ती शीर नव्हतीच. शीर मऊ असते, आणि मृणालीच्या जड हाताखाली ती केव्हाच चपटी होऊन दिसेनाशी झाली होती. उरला होता तो मज्जातंतू. मी सगळं दाखवतो, पण बोलता येत नाही हो मला. तिला थांबवायला मागे उभे असलेले सर पुढे सरकले, एवढ्यात धुरपदाबाईच बोलल्या.

"हात हलका ठेव व माय. इतला दाबा तं मांडा बी फाटी जास."

मृणाली थबकली. तिने सुई खाली ठेवली आणि प्रोब नुसता टेकता धरला. दोन गोलांच्या शेजारी तिसरा गोल उघडला, काळाभोर. तिने जरा दाबलं, तो मिटला. सोडलं, पुन्हा उघडला.

"सर, शीर ही आहे."

"मग आधी कुठं निघाली होतीस?"

तिने त्या जुन्या गोलाकडे नीट पाहिलं. मधाच्या पोळ्यासारखे बारीक ठिपके, धडधड नाही, दाबलं तरी मिटत नाही. प्रोब तिरपा केला की उजळतो, मावळतो. "मज्जातंतूकडे," ती हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"आता तो डोळ्यांआड होऊ देऊ नकोस," सर म्हणाले.

तिने तो नजरेआड होऊ दिला नाही. सुईचं पांढरं टोक मज्जातंतूपासून लांबच्या बाजूने उतरलं आणि पहिल्याच प्रयत्नात शिरेत शिरलं. मला नाचावंसं वाटलं, पण वाकड्या चाकाने नाचणार कसा?

नळी बसल्यावर मृणालीने बाईंना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा एकेका बोटावरून फिरवला. "सगळं समजतंय का, अक्का?"

"बठ्ठं समजस व माय," धुरपदाबाई म्हणाल्या. "बठ्ठं."

आज मृणालीच नव्या डॉक्टरांना शिकवते. आधी त्यांनी माझ्या पडद्यावर मज्जातंतू दाखवायचा, मगच ती सुई हातात देते. रंगीत यंत्र बाजूला असतं आणि रांग माझ्यापुढे लागते.

तेव्हा मित्रांनो, माझ्या प्रोबवरचं जेल पुसत जा आणि वायरीवरून ट्रॉली नेऊ नका. आणि हाती सुई आली की जिथं जायचं तिथं बघाच, पण ज्याला धक्का लावायचा नाही त्याला आधी शोधा. तो वाचला म्हणून कुणी तुमचे आभार मानणार नाही, कारण काही घडलंच नाही असं सगळ्यांना वाटेल. मला मात्र ठाऊक असतं. माझ्यासमोरून असे कितीतरी हात धडधाकट घरी गेले आहेत.