उखर्डूच्या नावाचं टोकन

माझ्या सासऱ्यांचं नाव उखर्डू. त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं आणि नावही तसलंच ठेवलं. असल्या नावाच्या पोराकडे काळ ढुंकूनही बघत नाही म्हणे. उचलून आणलं ते थोरल्या बहिणीनं, मथुरा आत्याबाईंनी. तेव्हापासून भाऊ आपल्याच मालकीचा, असं त्या वागतात.

आता सासऱ्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. सोमवारी इंदूरला ऑपरेशन. आत्याबाई जैनाबादहून आल्या त्या उंबऱ्यातच बसल्या. "माह्या भावाच्या छातीले चाकू लावू देनार नाही." सासरे बहिणीच्या शब्दाबाहेर नाहीत. समजावता समजावता आमच्या तोंडाला फेस आला.

माझा नवरा मोहित घाबरला की मोबाइलात डोकं खुपसतो. मला राग येतो आणि मायाही वाटते. सध्या त्याला टोकन मिंट करायचं वेड लागलंय. म्हणजे बिटकॉइनच्या एका कणावर मजकूर कोरायचा. तो कुणालाच पुसता येत नाही. टोकनला चार इंग्रजी अक्षरांचं नाव द्यायचं, जो आधी कोरेल त्याचं ते नाव.

"बाबांच्या नावाचं काढतो. कायम राहील," तो म्हणाला. पण बापाच्या नावावरून शाळेत पोरं त्याला 'उकिरड्या' म्हणून चिडवायची. म्हणून त्यानं बाबांचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव, राजाराम, घेतलं आणि त्यातलं RAJA टाकलं.

"राजा गेला," तो म्हणाला. "कोणीतरी पहलेच नेला."

आत्याबाई दचकल्या. "कोन नेला?"

"हिरा गेला. मोती गेला. सोना पन गेला. अच्छी नावं एक बाकी नाही, आत्या."

आत्याबाईंनी शेजारी बसलेल्या भावाचा हात गच्च धरला. मला राहवेना. "अरे, जे खरं आहे ते टाक ना!"

त्यानं नाइलाजानं UKHR टाकलं. मोबाइलात थोडा वेळ गोल चक्र फिरलं. मग तो हसला. "हे आहे. कोणीच नाही नेलं."

"साऱ्या दुनियेत?"

"साऱ्या दुनियेत, आत्या."

त्यानं ते कोरलं. आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले, भावाच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि उंबऱ्यातून उठल्या.

"सोमवारी मीबी येते इंदूरले," त्या म्हणाल्या. "पन भरती करतानी कागदावर राजाराम लिवशीन नको, मोह्या. उखर्डूच लिव."