हळदीच्या कापडाचा कौल

आंबवड्याजवळच्या त्या वस्तीवर देवळापुढचे पटांगण माणसांनी भरले होते. आवाज मात्र एकट्या चिमाजी देवऋषीचा. रत्नाचा चार वर्षांचा मुलगा स्वरूप चिमाजीचा अंगारा लावत असतानाच तापाने गेला होता. त्याच्यावर करणी कुणी केली, हे आज देवी सांगणार होती. जिचे नाव निघेल तिने दिवस मावळायच्या आत गाव सोडायचे, असे आधीच ठरले होते.

नारळांचा ढीग पुरेसा उंच झाल्यावर वेल्ह्याहून आलेल्या चिमाजीच्या अंगात देवी शिरली. "हात धुवा, आईच्या वस्त्राला पुसा. निर्मळाला पिवळं, पाप्याला रगात. हितं वकील चालत न्हाई."

सौदामिनी भोरहून बचत गटाच्या बायकांना हळद, डाळिंबाच्या साली, कांद्याची टरफले यांनी कापड रंगवायला शिकवायला येत असे. वर्गात कुणी नाही असे पाहून ती इकडे आली होती. एकेक बाई हात पुढे करी, चिमाजी तांब्याने पाणी घाली, आणि देवीपुढे पसरलेल्या हळदीच्या पिवळ्या कापडावर नुसता ओला ठसा उठे. मग फुलाबाईंची पाळी आली. रत्नाच्या शेजारच्या या एकट्या विधवेनेच आजारी पोराला मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या. चिमाजीने तांब्या मागच्या कळशीतून भरून घेतला. फुलाबाईंनी हात पुसले. कापडावर दोन लाल पंजे उमटले.

फुलाबाई आपले तळवे उलटसुलट करून पाहत राहिल्या.

सौदामिनीला वर्गातला पिवळा रुमाल आठवला. तो साबणात पडून लाल झाला, तेव्हा याच बायका पोट धरून हसल्या होत्या. आज भीतीपुढे एकीलाही ते आठवत नव्हते.

ती पुढे झाली. "महाराज, त्या कळशीतलं पाणी तुमच्याच हातावर घालू द्या."

"कळशी शिवशील तर आंधळी व्हशील, बाई."

तेवढ्यात रत्नाच उठली. तिने कळशी कलंडवली, हात धुतले, कापडाला पुसले. लाल.

"मंग म्या मारलं व्हय माझ्या लेकराला?"

सौदामिनीने देवीपुढचे लिंबू कापून त्या डागावर पिळले. तो पुन्हा पिवळा झाला.

"कळशीत चुन्याची निवळी आहे. दिसायला पाण्यासारखीच. हळद चुन्यानं, साबणानं, सोड्यानं लाल होते आणि लिंबानं परत पिवळी. हात कुणाचे, याचा संबंध नाही."

चिमाजी मोटारसायकलीकडे सरकला, तेव्हा पोरांनी त्याला अडवून पोलिसांना फोन लावला. रत्ना तिथेच उभी होती. मग पोर गेले कशाने, असे तिने विचारले. खोटा दिलासा देणे सोपे होते.

"तापानं," सौदामिनी म्हणाली. "त्याला या देवऋषीच्या अंगाऱ्यावर ठेवलंत, ते दिवस दवाखान्याचे होते. तुमची माया कमी पडली नाही, रत्नाताई. वेळ हातची गेली."

फुलाबाई प्रथमच बोलल्या. "आज तुमी व्हता, बाई. उद्या दुसरा कोन आला तर?"

सौदामिनी सगळ्यांकडे वळली. "उद्या तुम्ही विचारा. पाणी कुठलं, कापड कशात बुडवलं, एकीच्याच पाळीला दुसरं पाणी का घेतलं. विचारल्यानं देव कोपत नाही. न विचारल्यानं माणसं मरतात. आणि पोर तापलं तर आधी दवाखाना गाठा."

माना खाली गेल्या. रत्ना फुलाबाईंपाशी जाऊन बसली. फुलाबाई उठल्या नाहीत, पण त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही.