आणखी एक पीळ

मित्रांनो, मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे. किती जुना, ते आठवत नाही. आयुष्यभर बेरजा करणाऱ्याने असे सांगावे याची लाज वाटते, पण इलाज नाही. माझे आकडे हिरवे उजळतात आणि बटणे टक् टक् वाजतात.

माझ्या पोटात प्लॅस्टिकचे चार पोकळ खुंट आहेत. खालच्या झाकणातून आलेले स्क्रू त्यांत बसतात, म्हणून मी एकसंध राहतो. माझी सगळी कहाणी या खुंटांचीच. काही भारदस्त सांगता आले असते तर बरे झाले असते.

महिपतीने मला मुंबईहून आपल्या गावी, कुडपणला आणले. त्याच्या ओट्यावर गावाचे दूध जमे. त्याच्या मागे ते काम त्याच्या बायकोने, बयाबाईने, धरले. लिटरांची बेरीज मी करायची, मग कॅन जीपने पोलादपूरच्या डेअरीला जायचे. "यंत्र लबाडी करत नाय," असे ती लोकांना सांगे, तेव्हा मी फुलून जाई.

पण घाटात दूध सांडू नये म्हणून आमच्याकडे कॅनचे झाकण घट्ट बसल्यावरही त्यावर आणखी एक जोर देतात. तोच न्याय मला! सेल बदलायला मला उघडावे लागते. बंद करताना प्रत्येक स्क्रूला आणखी एक पीळ. अहो, मी कॅन नाही! पण सांगणार कसे? एकेक खुंट तडकला. शेवटी कमरेला सायकलच्या ट्यूबची पट्टी आली. बटण दाबले की झाकण हलायचे, सेल सुटायचा आणि बेरीज अर्ध्यात विझायची.

परवा तसेच झाले. बयाबाई पुन्हा पहिल्यापासून आकडे मारीपर्यंत जीप निघून गेली, दूध नासले. डेअरीने बजावले, पुन्हा उशीर झाला तर काम दुसऱ्याला देऊ.

"आई, मोबाइलवर कर ना," मुलगा हर्षद म्हणाला.

"दुधाच्या ओल्या बोटांना तुझा मोबाइल भीक तरी घालतो का रे?"

मग हर्षदने माझ्यात फेविक्विक ओतले. खुंट तसेच राहिले, पाचाचे बटण मात्र चिकटून बसले. धन्य!

शेवटी बयाबाईने मला महाडला रेश्माच्या दुरुस्तीच्या दुकानात नेले.

"मावशी, हे स्क्रू कोणी पिळले? पैलवानाने?"

"मीच गो. ढिलं रायलं तर?"

रेश्माने कपाळावर हात मारला. पाचाचे बटण सोडवले. खुंटांच्या तुकड्यांवर बॉलपेनच्या नळीचे काप चढवले, फटीत खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचे थेंब सोडले. दगडासारखे घट्ट झाले. दुसऱ्या दिवशी बयाबाई मला न्यायला आली तेव्हा तिने स्क्रू बसवून पाहिले, पुन्हा काढले आणि स्क्रू ड्रायव्हर बयाबाईच्याच हातात दिला.

"आधी उलटं फिरवा. कट् झालं? म्हणजे जुन्या आट्यात बसला. आता सुलट, दोन बोटांनी. अडला की थांबा."

बयाबाई थांबली. मनगट शिवशिवत होते. "आनखी एक देऊ?"

"द्या. आणि उद्या परत महाडला या."

बयाबाईने हात मागे घेतला.

पुढच्या सकाळी ओल्या बोटांनी तिने सगळ्या गावाचे दूध माझ्यात मोजले. मी शेवटच्या आकड्यापर्यंत उजळत राहिलो. जीपने निघायचा हॉर्न दिला तेव्हा कॅन चढलेसुद्धा होते.

हर्षदने मला उचलून हलवून पाहिले. "आई, हा स्क्रू जरा ढिला वाटतो."

"ठेव खाली!" बयाबाई कडाडली. "ढिला नाय, सुखात हाय तो!"

मित्रांनो, स्क्रू अडला की कृपा करून हात काढा. त्यापुढचा पीळ तुमच्या समाधानासाठी असतो. तडकावे मात्र आम्हाला लागते.